दुकानात 14 माणसं. नव्या दुरुस्तीनं आम्हाला नेमका काय फरक पडतो?

हार्डवेअरवाला_कराड
आमचं हार्डवेअर आणि सॅनिटरीचं दुकान, मागे गोडाऊन. काउंटरवरची पोरं, डिलिव्हरीवाले, हमाल धरून 14 जण. महाराष्ट्राच्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून घरात रोज खडाजंगी. मेहुणे सत्ताधारी पक्षाचे कट्टर. म्हणतात, "इन्स्पेक्टर राज संपलं, आता बिनधास्त धंदा कर." शेजारचे रंगवाले काका पक्के विरोधी. त्यांचं म्हणणं, "10-10 तास राबवून घ्यायचा परवाना दिलाय." मला दोघांचंही भाषण नको. सणाच्या सुट्ट्या, जादा तासांचे पैसे, गुमास्ता (दुकानाची नोंदणी), यांचं काय होतं तेवढं सांगा.

राष्ट्रप्रथम_77
मेहुणे बरोबर बोलतायत. 60 वर्षं फायली नाचवणाऱ्यांना हे पचणार नाही.

लेबरचं_काम_पुणे
इतकी वर्षं दुकानदारांची रजिस्टरं भरतोय, म्हणून सांगतो. मेहुणे आणि काका ज्या 10 तासांवरून भांडतायत, तो नियम तुमच्या दुकानाला लागूच होत नाही.

2017 चा कायदा 10 किंवा जास्त कामगार असलेल्यांना होता. दुरुस्तीनं तो आकडा 20 केला. तुम्ही 14, म्हणजे जवळपास बाहेरच. नोंदणी नको, ऑनलाइन माहिती कळवली की झालं. दिवसाचे 9 चे 10 तास, तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 125 वरून 144 तास, हे सगळं 20 किंवा जास्त माणसं असलेल्यांसाठी. तिथेही आठवड्याचे 48 तास आणि जादाला दुप्पट दर कायम आहे.

तुमच्या पोरांचं जातं ते वेगळंच. वर्षाला 8 किरकोळ रजा. 8 पगारी सुट्ट्या, त्यात 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आले. 240 दिवस भरले की दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा. आता हे द्याल तर तुमची मर्जी. किमान वेतन मात्र सुटत नाही, त्याच्या कायद्यातली आठवड्याची सुट्टी आणि ओव्हरटाइमचा दुप्पट दरही नाही, आणि ग्रॅच्युइटी 10 माणसांपासून लागतेच.

पक्षांचं म्हणाल तर 2017 मध्ये 10 च्या आतल्या दुकानांना मोकळं केलं, तेव्हा मराठी पाटीचं बंधनही त्यांच्यावरून सुटलं. 2022 मध्ये महाविकास आघाडीनं दुरुस्ती करून पाटी सगळ्यांना सक्तीची केली. रजा-सुट्ट्या मात्र 10 च्या आतल्यांना परत दिल्या नाहीत. आज कामगारांसाठी गळा काढणाऱ्यांना त्या वेळी ते सुचलं नाही. (पाटी तुम्हालाही लागू आहे, विसरू नका.)

तामिळनाडूतही तेच. एप्रिल 2023 मध्ये द्रमुक सरकारनं 12 तासांच्या पाळीची मुभा देणारं कारखान्यांचं विधेयक विधानसभेत मंजूर करून घेतलं. विरोधात त्यांचेच मित्रपक्ष उभे राहिले, काँग्रेस आणि डावे. शेवटी 1 मे ला तेव्हाचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी ते मागे घेतल्याचं जाहीर केलं.

काउंटरवरून
आम्ही 17 जण, ठाण्यात कापडाचं दुकान. 26 जानेवारीला दुकान चालू होतं. सुट्टीचे पैसे विचारले तर शेठ म्हणाले, "आता आपण 20 च्या आत." पूर्वी साहेब यायचे ते पाकीट घेऊन जायचे हे खरं, पण साहेब येणार म्हटलं की निदान हजेरीपट नीट भरला जायचा. आता तोही नाही.

राष्ट्रप्रथम_77
मग नोकरी बदला. 20 च्या वरची दुकानं काय कमी आहेत?

काउंटरवरून
दादा, घरभाडं तुम्ही भरता का?

हार्डवेअरवाला_कराड
लेबरवाले साहेब, आभारी आहे. काकांना वाचून दाखवलं, पाटीच्या मुद्द्यावर गप्प बसले. मेहुणे सुट्ट्यांच्या यादीवर. माझी पोरं 10-12 वर्षं माझ्याकडे आहेत, सुट्ट्या मोडायचं मनात नाही. नेमणूकपत्रात लिहून दिल्या तर मी बांधला जातो का?

लेबरचं_काम_पुणे
जाता. कायदा लागू नसला तरी करार करारच. म्हणून मोघम "नियमाप्रमाणे रजा" असं लिहू नका, आकडे घाला आणि सही केलेली प्रत त्यांना द्या. आणि दिवाळीच्या गर्दीत जादा पोरं घेता ना? ठेकेदारामार्फत येणारे हमालही मोजा. 20 झाले की अख्खा कायदा लागू, नोंदणीसकट.