मदत हवी आहे : रवांडातल्या साक्षी कुठे वाचायला मिळतील?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रबंधासाठी १९९४ च्या रवांडातल्या वंशसंहारावर काम करतेय. जेमतेम शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी जमातीची. वसाहतकाळातल्या बेल्जियन राजवटीने ओळखपत्रावर जमात नोंदवायला लावली होती. नाक्यानाक्यावर तेच कार्ड बघून माणसं बाजूला काढली. मारणारे पुष्कळदा शेजारचेच. न्यामाटाच्या चर्चमध्ये आसऱ्याला येऊन मारल्या गेलेल्यांचे कपडे तिथल्या बाकांवर जपून ठेवलेत. तो फोटो पाहिल्यापासून विषय सोडवत नाही.

राजकीय कारणांवर हवं तेवढं मिळतं. मला पुढचं हवंय. गाचाचा या गावपातळीवरच्या न्यायसभा २०१२ पर्यंत चालल्या. तिथे वाचलेल्या बायका मारेकऱ्यांसमोर बोलल्या. नंतर त्याच गावात त्या कशा राहिल्या? अकायेसू या रवांडातल्या महापौरावर आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात चाललेल्या खटल्याचा १९९८ चा निकाल वाचलाय, बलात्कारही वंशसंहाराचं कृत्य ठरू शकतो हे त्यात मान्य झालं. पण निकालात माणसं फार थोडी दिसतात.

गाचाचामधल्या साक्षींचे इंग्रजी अनुवाद कुठे मिळतील? रवांडाच्या राजधानीत, किगालीत, राहिलेलं कुणी आहे का इथे? आणि मौखिक इतिहासावर काम केलेल्यांनी जरूर सांगा, अशा साक्षींच्या नोंदी तुम्ही कशा ठेवता?