मदत हवी आहे: सशासाठी वाळवलेलं गवत काळं पडतंय

पळता_भुई (शनिवार, सकाळी ७:१०)
घाईत आहे, थोडक्यात लिहितो. घरी ससा आहे, गोट्या. आधी ऑनलाइन टिमथी गवत मागवायचो, आता परवडत नाही. किलोला सातशेच्या आसपास पडतं आणि त्यातही निम्मा भुगा. म्हणून तीन आठवडे झाले, टेकडीवरून गवत आणि पाला आणून घरीच वाळवतोय. दुसऱ्या दिवशी काळपट पडतं, आंबूस वास मारतो. ऊन नाहीच सध्या. ओव्हनमध्ये वाळवलं तर चालेल का? किती वेळ? कृपया "टिमथीच घ्या" हे सांगायला कोणी येऊ नका.

राजामाणूस (७:२२)
टिमथीच घ्या. खर्च झेपत नसेल तर जनावर पाळू नये, स्पष्ट मत.

घाटमाथा (७:३४)
कुठली टेकडी? कुठलं गवत? पाला कशाचा? कशावर पसरता? ससा केवढा? यातलं काहीच लिहिलं नाहीत. 'गवत' म्हटलं की आमच्या गावात दहा नावं निघतात.

पळता_भुई (७:४०)
पुण्यातली टेकडी. गवत म्हणजे साधं हिरवं गवत. पाला शेवग्यासारखा दिसतो, ससा आवडीने खातो. ससा दोन वर्षांचा. गच्चीत, शेडखाली, प्लास्टिकच्या ताडपत्रीवर. आता ओव्हनचं सांगा.

विळा_कोयता (७:५८)
देवरुखचा आहे, म्हणून बोलतो. आमच्याकडे दसऱ्याआधी कोणी वैरणीच्या गवताला विळा लावत नाही. आत्ता कापाल तर ते नुसतं पाणी. पाऊस सरला, गवत फुलोऱ्यावर आलं, दुपारी जमीन तापायला लागली की कापायचं, दोन-तीन दिवस जागेवरच पसरून उलटंपालटं करायचं, मग भारे बांधायचे. अनंत चतुर्दशी नुकतीच झालीय. महिनाभर दम धरा, परतीचा पाऊस निघून जाऊ दे. हवेत एवढी ओल असताना वाळलेलं गवतसुद्धा परत दमट होतं.

आणि ताडपत्री काढा आधी. खालून घाम धरते.

नानाची_टांग (८:०३)
ससा आहे तर गाजर द्या की. गवत कशाला?

लेस्टरकर_ताई (८:१५)
नानांना उत्तर: गाजर म्हणजे सशाची मिठाई. बोटभर तुकडा, तोही कधीतरी. मुख्य खाणं गवतच. त्यांचे दात जन्मभर वाढतात, गवत चावूनच झिजतात.

मी इथे इंग्लंडमध्ये दोन ससे पाळलेत. उन्हाळाभर डँडेलियन आणि प्लँटेन (केळं नव्हे, रानटी तण) तोडते, उशीच्या जुन्या अभ्र्यात सैल भरून पाणी तापवायच्या बॉयलरच्या उबदार कपाटात टांगते. चार दिवसांत कुरकुरीत! तुम्हीही डँडेलियन शोधा, फार पौष्टिक.

घाटमाथा (८:२१)
ताई, पुण्याच्या टेकडीवर डँडेलियन कुठलं, आणि बॉयलरचं कपाट तर त्याहून नाही. त्याच कुळातली पाथरी मात्र शेताच्या बांधावर मिळते. पिवळं फूल, पान मोडलं की दूध येतं. ससे खातात. एकदांडीही चालते, ती तर भिंतीच्या फटीतही उगवते. खरबरीत पान आणि लांब दांड्याच्या टोकाला एकच फूल. हरळी उत्तम.

पण मूळ प्रश्न राहिलाच. पळता_भुई, कापल्यापासून पसरेपर्यंत किती वेळ जातो?

शंकासुर (८:२६)
ससा पाळणं बेकायदेशीर आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ वाचा. आणि टेकडी वनखात्याची असेल तर तिथलं गवत कापायलाही परवानगी लागते.

घाटमाथा (८:३०)
कायदा रानसशाला लागू आहे. घरात पाळतात तो मूळचा युरोपातला, प्राणीच वेगळा. टेकडीचं मात्र बरोबर बोललात.

पळता_भुई (८:३८)
वेळेचा काय संबंध? सकाळी फिरायला जातो तेव्हा साडेसहाला कापतो, पिशवीत दाबून भरतो, पिशवी स्कूटरच्या डिकीत. तिथूनच ऑफिस. रात्री आठला घरी आलो की गच्चीत पसरतो. गवत आहे ते, दूध नाही नासायला.

घाटमाथा (८:४४)
😂 सापडलं. अहो, तुम्ही गवत वाळवत नाही, मुरघास घालताय, म्हणजे ओली वैरण दाबून आंबवताय!

ओलं गवत दाबून भरलं की आतून तापायला लागतं. भाऱ्यात हात घालून बघा कधी, चटका बसेल. त्यात स्कूटर दिवसभर उन्हात किंवा पत्र्याखाली. तेरा तासांनी बाहेर येतं ते अर्धं शिजलेलं, अर्धं आंबलेलं. रात्री पसरल्यावर वाळायचं काय? बुरशी धरते. ओव्हनमध्ये घालून वास जाईल, बुरशी जिरणार नाही.

मुरंबा (८:५१)
पण गाई-म्हशी मुरघास खातातच की. सशाला का नको?

घाटमाथा (८:५५)
गाईचा मुरघास हवा काढून, घट्ट दाबून, बंद करून दीड महिना ठेवतात. तो आंबतो, कुजत नाही. डिकीतलं नुसतं कुजतं. शिवाय गाईला चार कप्प्यांचं पोट आहे. सशाचं सगळं काम मागच्या आतड्यात चालतं, आणि त्याला ओकता येत नाही. आत गेलं ते गेलं.

हौशी_आजी (९:०२)
एक सोपा उपाय सुचवू? गणपतीनंतर सोसायटीच्या निर्माल्य कलशात ढीगभर दूर्वा आणि पत्री पडलेली असते. फुकट आणि पवित्र. सशाला तीच घाला.

विळा_कोयता (९:०९)
आजी, नको!! एकवीस पत्रींत धोत्रा, रुई आणि कण्हेर असतात. पूजेला ठीक, सशाच्या पोटात नको. निर्माल्यातून दूर्वा तेवढ्या वेगळ्या काढत कोण बसणार? वर त्यावर हळद, कुंकू, अत्तर, फुलांवर मारलेलं औषध.

हौशी_आजी (९:१३)
आमच्या वेळी गाई सगळं खायच्या.

पळता_भुई (९:२०)
बरं, डिकीचं कळलं. उद्यापासून पिशवी हँडलला लावतो. पण आज काय करू ते सांगा. काल संध्याकाळपासून गोट्या गवताला तोंडच लावत नाहीये, म्हणून तर लवकर नीट वाळवायचंय.

ससेमिरा (९:२२)
थांबा. काल संध्याकाळपासून काहीच खाल्लं नाही? गवत राहू दे बाजूला.

लेंड्या टाकल्यात का? किती? नेहमीएवढ्या मोठ्या आहेत की मिरीएवढ्या? कुबड काढून बसलाय का? दात खातोय का? कोथिंबीर पुढे धरली तर घेतो का?

पळता_भुई (९:३१)
मुलगी म्हणते पिंजऱ्यात पाच-सहा लेंड्या आहेत, लहान लहान. एरवी फावडं भरून निघतात. कोपऱ्यात गोळा होऊन बसलाय. कोथिंबीर घेतली नाही. पण तो लहरी आहे, आधीही एकदा रुसला होता.

ससेमिरा (९:३३)
रुसला नाहीये, आतडं थांबलंय. ससा बारा तास उपाशी राहिला तर ती तातडीची बाब असते. कुत्र्यामांजराचं वेगळं, ते दिवसभर न खाता निभावतात. आत्ता, या क्षणी, ससे बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. फोन करून विचारा, सगळे ससे बघत नाहीत. खालच्या टॉवेलात कोमट पाण्याची बाटली गुंडाळा, कान थंड लागत असतील तर नक्कीच. पोट फुगलं असेल तर जबरदस्तीने काही भरवू नका.

आयुर्मंत्र (९:३६)
घाबरायचं कारण नाही. ओवा-हिंगाचं पाणी चमच्याने पाजा, वर थोडं एरंडेल. तासाभरात मोकळा होईल. आमच्या बोकडाला हेच करतो.

ससेमिरा (९:३७)
तुमचा बोकड वेगळा, हा ससा वेगळा. एरंडेल अजिबात नको. पळता_भुई, हे वाचत बसू नका, निघा.

आयुर्मंत्र (९:४१)
डॉक्टर लोक सशाला माणसाचीच औषधं देतात, मला माहीत आहे.

ससेमिरा (९:४५)
काही देतात, काही टाळतात. पेनिसिलीन जातीचं औषध तोंडाने दिलं तर ससा दगावू शकतो. म्हणून तर ससे बघणाराच हवा. आणि आता हा धागा वादात भरकटवू नका.

राजामाणूस (१०:१५)
मी आधीच सांगितलं होतं.

मुरंबा (१०:१८)
तुम्ही फक्त टिमथी घ्या म्हणालात. डिकीतली टिमथीही कुजलीच असती.

घाटमाथा (११:०५)
तिकडे काय झालं ते कळेपर्यंत एक शंका. 'शेवग्यासारखा पाला' खटकतोय. परत आलात की फांदीचा फोटो टाका, शेंगांसकट.

पळता_भुई (दुपारी ४:५०)
परतलो. पोटात वायू होता, आतडं मंद झालं होतं. सलाइन त्वचेखाली दिलं, दुखण्याचं इंजेक्शन, आणि पावडरचं पातळ खाणं सिरिंजने दर चार तासांनी भरवायला सांगितलंय. पोट फुगून दगडासारखं झालं नव्हतं म्हणून बरं, म्हणाले. उशीर केला असता तर सांगता आलं नसतं. डॉक्टरांना आणलेलं गवत दाखवलं. त्यांनी नाकाजवळ नेलं आणि लगेच बाजूला ठेवलं. ससेमिरा, आभार.

पाल्याचा फोटो टाकला आहे.

घाटमाथा (५:०८)
वाटलंच. बारीक पानं, चपट्या तपकिरी शेंगा झुपक्याने लटकलेल्या. हा सुबाभूळ. शेवग्याची शेंग अशी नसते. सुबाभळीत मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, सतत खाल्लं की केस गळतात. घोड्यांची आयाळ जाते, सशांचंही तसंच होतं. गोट्याचे केस?

पळता_भुई (५:१४)
मानेखाली विरळ झालेत. आम्हाला वाटलं मोसम बदलतोय, कात टाकतोय. मुलगी म्हणाली होती, मीच ऐकलं नाही.

लेस्टरकर_ताई (५:२०)
कात साप टाकतो 🙂. पण बरा होतोय हे वाचून हायसं वाटलं.

विळा_कोयता (५:४७)
आता मूळ प्रश्नाचं उत्तर. दसऱ्यापर्यंत दम निघत नसेल तर असं करा.

दव सुकल्यावर कापा, म्हणजे सकाळी साडेसहाला नाही, सुट्टीच्या दिवशी दहाला. रस्त्याकडेचं नको, कुत्री फिरवतात तिथलं नको. एका वेळी हातभरच. कात्रीने मुळापासून न ओढता वरचं कापा, माती येत नाही. गाजरगवत आणि घाणेरी ओळखता येत नसेल तर फक्त हरळी घ्या. बारीक, गाठी-गाठीने सरपटणारी, पूजेची दूर्वा तीच. काटेरी कुसळं धरलेलं गवत तर नकोच, कुसळ गालात रुततं.

घरी आणल्या आणल्या अंगठ्याएवढ्या जुड्या बांधा, दोरीवर उलट्या टांगा, खोलीत, पंखा चालू. उन्हात नाही, सावलीतच. रंग हिरवा राहतो आणि वासही. पाच-सहा दिवस लागतात, दमट असेल तर आठ. वाळलं की नाही हे पानावरून बघू नका. पान आधीच कुरकुरतं, ओल कांड्याच्या गाठीत राहते. जाड काडी गाठीपाशी पिळा. कटकन तुटली तर झालं. वाकली की परत टांगा. भरायचं ते गोणपाटात किंवा अभ्र्यात, प्लास्टिकच्या डब्यात कधीच नाही. पहिले आठ दिवस रोज हात घालून बघा. कोमट लागलं की बाहेर काढा.

ओव्हन लागत नाही. तुमच्या हट्टासाठी सांगतो, दार किलकिलं ठेवून सगळ्यात मंद आचेवर होईलही. पण एक जुडी वाळवायला गॅस किंवा वीज किती जाते ते मोजा. त्यात टिमथी येईल.

राजामाणूस (५:५२)
हेच म्हणत होतो.

ससेमिरा (६:०५)
एक भर. नवीन गवत एकदम बदलू नका. आठवडाभर जुन्यात थोडं थोडं मिसळत न्या. आत्ता तर आजारातून उठलेला आहे, घरात उरलेली टिमथीच द्या, भुगा असला तरी. लेंड्या मोठ्या, गोल, कोरड्या यायला लागेपर्यंत टेकडीला सुट्टी.

नानाची_टांग (६:११)
आणि गाजर?

पळता_भुई (रविवार, सकाळी ८:२६)
रात्री दोनला पहिली लेंडी टाकली. मुलीने मला उठवून दाखवली. सकाळी टिमथीच्या दोन काड्या ओढून खाल्ल्या. त्यातलीच एक माझ्या हातातून हिसकावली.

आज दोरी बांधतोय. काळं गवत दोन पोती आहे, सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकू का? आणि डिकीचा वास काही जात नाही, हेल्मेटही त्यातच होतं.

मुरंबा (८:४०)
खड्ड्यात चालेल, वर माती टाका. डिकीला लिंबाची साल.

आयुर्मंत्र (८:४३)
कापूर.

घाटमाथा (८:४७)
झाकण उघडं ठेवून दोन दिवस उन्हात उभी करा. ऊन नाही म्हणालात ना, मग हेल्मेट दुसरं घ्या.