माइक बॉसीची गोल-सरासरी सर्वाधिक असूनही त्याचे नाव मागे का पडते?

प्रश्न : जिज्ञासू ठाणेकर

गेले काही दिवस मी उत्तर अमेरिकेतील बर्फावरील हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगचे, म्हणजे एनएचएलचे, जुने आकडे चाळत आहे. कारकिर्दीत किमान २०० गोल केलेल्या खेळाडूंची प्रति सामना सरासरी काढली, तर पहिल्या क्रमांकावर वेन ग्रेट्झकी येत नाही आणि मारिओ लेमियूही येत नाही. तेथे न्यू यॉर्क आयलंडर्स संघाचा उजवा विंगर (उजव्या बाजूने आक्रमण करणारा) माइक बॉसी दिसतो : ७५२ सामन्यांत ५७३ गोल, म्हणजे सामन्यामागे ०.७६२. असे असूनही बर्फावरील हॉकीतील सार्वकालिक श्रेष्ठ खेळाडूंची चर्चा निघाली की ग्रेट्झकी, लेमियू, बॉबी ऑर आणि गॉर्डी हौ ही चार नावे येतात आणि बॉसीचा उल्लेख फार तर त्यांच्यानंतर होतो. याचे कारण त्याची कारकीर्द केवळ दहा मोसमांची होती एवढेच आहे, की ही सरासरीच कुठेतरी फसवी आहे? ज्यांनी हा खेळ बारकाईने पाहिला आहे त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर १ : आकडेमोड

सरासरी खोटी नाही, परंतु ती वाचताना बॉसी नेमका कधी थांबला हे पाहणे आवश्यक आहे. त्याचा जन्म जानेवारी १९५७ मधला आणि शेवटचा सामना १९८७ च्या वसंतातला, म्हणजे वयाची तिशी उलटताच त्याचा खेळ संपला. बहुतेक खेळाडूंच्या कारकिर्दीत त्यानंतरची पाच-सात वर्षे उतरणीची असतात आणि तीच वर्षे सरासरी खाली ओढतात. ही उतरण बॉसीच्या वाट्याला आलीच नाही.

आता तुलना सारख्या पातळीवर आणून पाहू. ग्रेट्झकीचे एनएचएलमधील पहिले दहा मोसम घेतले, तर ७७४ सामन्यांत ६३७ गोल होतात आणि सरासरी ०.८२३ येते. पुढे तो आणखी दहा मोसम खेळला, त्यात ७१३ सामन्यांत २५७ गोल झाले, आणि म्हणून त्याची एकूण सरासरी ०.६०१ वर उतरली. लेमियूचेही तसेच आहे. १९९७ मध्ये तो पहिल्यांदा निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ७४५ सामन्यांत ६१३ गोल होते. योगायोग असा, की हीही सरासरी ०.८२३ च भरते. नंतर तो परतला, १७० सामने खेळला, ७७ गोल केले, आणि एकूण आकडा ०.७५४ झाला, म्हणजे बॉसीच्या किंचित खाली. लेमियू १९९७ नंतर घरीच बसला असता, तर आपल्या प्रश्नातील पहिला क्रमांक त्याचा असता.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये विजय मर्चंट यांची प्रथम श्रेणीतील ७१.६४ ही सरासरी अशीच आदराने सांगितली जाते, परंतु तिच्या जोरावर त्यांना कोणी ब्रॅडमनच्या बरोबरीला बसवत नाही. सरासरी हा पुराव्याचा एक भाग आहे, अख्खा निकाल नव्हे.

उत्तर २ : टोरंटोवासी

आकडेमोड यांचा हिशेब बिनचूक आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला अर्धाच पटतो. बॉसीची उतरण आली नाही हे खरे, मात्र तो आपणहून शिखरावर थांबलेला नव्हता. १९८६-८७ च्या मोसमात त्याची पाठ इतकी दुखावली होती की तो ६३ सामनेच खेळू शकला आणि तरीही त्याने ३८ गोल केले. पुढचा अख्खा मोसम तो बाहेर बसला आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. त्यामुळे त्याला उतरणीची वर्षे चुकवल्याचे श्रेय किंवा दूषण देणे मला योग्य वाटत नाही.

त्या ३८ च्या आधीचे नऊ मोसम पाहा : ५३, ६९, ५१, ६८, ६४, ६०, ५१, ५८, ६१. सलग नऊ मोसम पन्नास किंवा अधिक गोल, हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. ग्रेट्झकी आणि अलेक्झांडर ओवेचकिन यांनीही नऊ मोसमांत पन्नाशी गाठली आहे, परंतु त्यांची नऊ वर्षे सलग नाहीत. माझ्या मते बॉसीचे मोठेपण सरासरीपेक्षा या सातत्यात अधिक दिसते, कारण एखादा मोसम वाईट गेला असेही त्याच्या बाबतीत म्हणता येत नाही.

मुळात त्याच्याकडे संशयाने पाहिले गेले ते सुरुवातीपासूनच. क्वेबेकच्या ज्युनियर लीगमध्ये लावाल संघाकडून त्याने ३०९ गोल केले होते, तरी १९७७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, त्याची निवड पंधराव्या क्रमांकावर झाली. न्यू यॉर्क रेंजर्स आणि टोरंटो या दोन्ही संघांनी त्याला प्रत्येकी दोनदा डावलले. (आमच्या शहरातील जुन्या चाहत्यांसमोर हा विषय न काढलेलाच बरा.) मुलगा गोल करतो, पण प्रतिस्पर्ध्याला अंगावर घेत नाही, बचावात मागे येत नाही, असा निरीक्षकांचा शेरा होता. आयलंडर्सचे व्यवस्थापक बिल टोरी यांनी प्रशिक्षक अल आर्बर यांचा सल्ला घेतला, तेव्हा आर्बर यांचे मत असे पडले की गोल करणाऱ्याला बचाव शिकवणे सोपे, बचाव करणाऱ्याला गोल करायला शिकवणे अवघड. पहिल्याच मोसमात बॉसीने ५३ गोल केले. नवख्या खेळाडूने पन्नास गोल करण्याची ती पहिलीच वेळ होती.

मारामारीबाबतही त्याची भूमिका त्या काळाच्या मानाने धाडसाची होती. हातमोजे फेकून ठोसेबाजी करणे हा तेव्हा मर्दपणाचा भाग समजला जात असताना, आपण बर्फावर भांडणार नाही असे त्याने १९७९ मध्ये जाहीरपणे सांगितले. संपूर्ण कारकिर्दीत त्याला केवळ २१० मिनिटे बर्फाबाहेर बसण्याची शिक्षा झाली आणि सभ्य खेळासाठीचा लेडी बिंग करंडक त्याला तीनदा मिळाला. धक्के आणि काठ्यांचे फटके मात्र त्याने भरपूर खाल्ले.

जिज्ञासू ठाणेकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न राहतो. ऐंशीच्या दशकात गोल फारच स्वस्त होते असे वाचले आहे. तसे असेल, तर सलग नऊ पन्नाशींचे मोलही कमी करावे लागेल का? आणि ज्या विक्रमांमुळे तो त्या काळी गाजला, ते आज लोकांच्या तोंडी का नाहीत?

उत्तर ३ : निळी रेषा

गोल स्वस्त होते हे मान्य करावेच लागेल. १९८१-८२ मध्ये एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी सुमारे आठ गोल होत असत. गोलरक्षकांची साधने आजच्या तुलनेत लहान होती. तरीही त्याच काळातील इतरांशी तुलना केली, तर बॉसी उठून दिसतोच. १९७८-७९ मध्ये त्याचे ६९ गोल होते आणि मार्सेल डिऑनसारख्या पट्टीच्या गोलकर्त्याचे ५९.

आपल्या दुसऱ्या उपप्रश्नाचे उत्तर मात्र एका माणसाच्या नावात आहे. १९८०-८१ च्या मोसमात बॉसीने उघडपणे सांगितले होते की मॉरिस रिचर्डने १९४४-४५ मध्ये केलेली ५० सामन्यांत ५० गोलांची कामगिरी आपल्याला गाठायची आहे. २४ जानेवारी १९८१ रोजी, लाँग आयलंडवरील नासाऊ कोलिझियममध्ये क्वेबेक नॉर्डिक्सविरुद्ध पन्नासावा सामना सुरू झाला तेव्हा त्याच्या खात्यावर ४८ गोल होते. त्याच दिवशी लॉस एंजेलिसचा चार्ली सिमर आपल्या पन्नासाव्या सामन्यात तीन गोल करून ४९ वर अडकला होता. बॉसीचा सामना संपायला जेमतेम पाच मिनिटे उरली तरी तो ४८ वरच होता. मग ४ मिनिटे १० सेकंद शिल्लक असताना एक गोल झाला आणि १ मिनिट २९ सेकंद शिल्लक असताना ब्रायन ट्रॉटियरच्या पासवर पन्नासावा. छत्तीस वर्षे अबाधित राहिलेली ही कामगिरी अशी साधली गेली, आणि पुढे एक वर्षही उलटले नाही तोच, ३० डिसेंबर १९८१ रोजी, ग्रेट्झकीने ३९ व्या सामन्यातच पन्नासावा गोल नोंदवला. त्याच मोसमात बॉसीने गोल आणि असिस्ट (सहकाऱ्याच्या गोलाला केलेले साहाय्य) मिळून १४७ गुण मिळवले. ग्रेट्झकीने मिळवले २१२. नवख्या खेळाडूचा विक्रम तेवढा १९९२-९३ पर्यंत टिकला, मग टेमु सेलानेने ७६ गोल करून तोही मोडला.

याशिवाय खेळाच्या स्वरूपाचाही मुद्दा आहे. ग्रेट्झकी आणि लेमियू हे सेंटर, म्हणजे आक्रमणात मधल्या जागेवर खेळणारे, होते. सगळा डाव त्यांच्या काठीतून फिरत असे. बॉसीचा डाव ट्रॉटियर मांडत असे आणि क्लार्क गिलीस आपल्या धिप्पाड अंगाने त्याला जागा करून देत असे. बॉसीचे काम पक (खेळाची चकती) काठीला लागताच फटका मारण्याचे होते, आणि तो इतका चटकन मारी की गोलरक्षकाला सावरायला अवधीच मिळत नसे. मात्र त्याला निव्वळ गोल ठोकणारा समजू नये, कारण ५५३ असिस्टही त्याच्या नावावर आहेत.

आपल्या चर्चेत प्लेऑफचा, म्हणजे नियमित मोसमानंतरच्या बाद फेरीचा, विषय अजून आलेलाच नाही, आणि मला तो सरासरीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. आयलंडर्सनी १९८० ते १९८३ असा सलग चार वेळा प्लेऑफच्या विजेत्याला मिळणारा स्टॅनले चषक जिंकला. त्यांपैकी १९८१, ८२ आणि ८३ या तिन्ही वर्षी बॉसीने प्लेऑफमध्ये प्रत्येकी १७ गोल केले. १९८३ मध्ये बॉस्टनविरुद्धच्या मालिकेतील चारही विजयांत निर्णायक गोल त्याचाच होता. १९८२ च्या अंतिम मालिकेत व्हँकुव्हरविरुद्ध चार सामन्यांत सात गोल करून त्याने सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक मिळवला. त्या मालिकेतील तिसऱ्या सामन्यातला त्याचा एक गोल अवश्य पाहावा : प्रतिस्पर्ध्याच्या आडकाठीने दोन्ही पाय बर्फावरून सुटलेले, शरीर जवळजवळ आडवे, आणि त्या अवस्थेत काठीच्या उलट्या बाजूने त्याने पक जाळ्यात धाडला आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९८४ च्या अंतिम मालिकेत ग्रेट्झकीच्या एडमंटनने आयलंडर्सची सद्दी संपवली, आणि त्या पाच सामन्यांत बॉसीला एकही गोल करता आला नाही. पुढची वर्षे एडमंटनची होती आणि लोकांच्या स्मरणातले ऐंशीचे दशकही तेच झाले.

आकडेमोड

टोरंटोवासी यांची दुरुस्ती मान्य आहे. पाठीच्या दुखण्याला सोय म्हणता येणार नाही. तरी क्रमवारी लावायचीच, तर माझ्या यादीत गोल करण्याच्या कौशल्यात बॉसी पहिल्या तिघांत असेल आणि सर्वांगीण खेळाडू म्हणून पहिल्या पंधरांत. प्लेऑफमधील त्याचे आकडे १२९ सामन्यांत ८५ गोल असे आहेत, म्हणजे सामन्यामागे ०.६५९. तेथे प्रतिस्पर्धी निवडक असतात आणि मोकळीक कमी मिळते, हे लक्षात घेता मी ०.७६२ च्या आधी हाच आकडा सांगेन.