मदत हवी आहे: काढ्याला शास्त्रीय आधार आहे का? हो की नाही एवढंच सांगा

घाईत_आहे:
बाबांना सर्दी-खोकला झालाय, बारा दिवस झाले. नाक आता मोकळं आहे पण खोकला काही हटत नाही, रात्री जास्त. आत्या राहायला आलीये, ती काढा देते. बायको म्हणते हे सगळं थोतांड, शास्त्रीय आधार शून्य. आत्या म्हणते आमच्या वेळी उठसूट डॉक्टर कुठे होते, वाढलोच ना. आणि दोघी एकमेकींशी न बोलता माझ्याशी बोलतात. आज जेवताना पुन्हा हाच विषय निघणार आहे तेव्हा कृपया लवकर सांगा, आलं मध हळद वगैरे खाण्यापिण्याच्या उपायांना विज्ञानाचा आधार आहे का नाही. हो किंवा नाही. निबंध नकोत, ऑफिसातून चोरून लिहितोय.

आजीचा_बटवा:
हो. यात विचारायचं काय? इतक्या पिढ्या वेड्या होत्या का? रात्री झोपताना गरम दुधात पाव चमचा हळद आणि चिमूटभर मिरपूड. मिरी विसरू नका, मिरीशिवाय हळद अंगी लागत नाही, हे तर आता शास्त्रज्ञ पण मान्य करतात. मला गेली कित्येक वर्षं सर्दीसाठी एक गोळी घ्यावी लागलेली नाही.

पाऊणशहाणा:
इतक्या पिढ्या लोक तापावर उपाय म्हणून रक्त पण काढायचे, तेही शहाणेच होते. अहो सर्दी आपली आपण सात ते दहा दिवसांत बरी होते. माणूस काढा कधी पितो, तर अगदी वैताग आला की, म्हणजे तिसऱ्या चौथ्या दिवशी. तिथून पुढे उतारच असतो. त्या दिवशी तुम्ही खिडकीचं तावदान चाटलंत तरी दोन दिवसांनी बरं वाटणारच आहे. उत्तर: नाही.

घाईत_आहे:
म्हणजे नाही. धन्यवाद.

लॅबमधला_उंदीर:
एक मिनिट, एवढ्यात धन्यवाद नको. "घरगुती उपाय" असा एकच पदार्थ नसतो, प्रत्येकाचा हिशोब वेगळा.
मधाला त्यातल्या त्यात बरा आधार आहे. २००७ साली अमेरिकेत १०५ मुलांवर प्रयोग झाला, काहींना झोपायच्या अर्धा तास आधी मध, काहींना डेक्स्ट्रोमेथॉर्फन म्हणजे दुकानात मिळणारं नेहमीचं खोकल्याचं औषध आणि काहींना काहीच नाही. मधवाली मुलं सगळ्यात कमी खोकली आणि ते औषध मात्र काहीच न देण्यापेक्षा फारसं सरस ठरलं नाही. पण ती मुलं होती, तुमचे बाबा नाहीत, हे लक्षात घ्या.
आलं: २०१३ च्या एका प्रयोगात ताज्या आल्याच्या अर्काने आरएसव्ही नावाच्या विषाणूला पेशींवर चिकटू दिलं नाही, सुंठीला ते जमलं नाही. पण हे सगळं काचेच्या बशीतल्या पेशींवर. बशीत साबणसुद्धा विषाणू मारतो.
आणि खोकला बारा दिवस म्हणजे खूप नाही हो. सर्दी गेल्यावरचा खोकला सरासरी अठरा दिवस राहतो, लोकांना वाटतं आठवड्यात जावा.
बाबांचं वय किती? काढ्यात काय काय असतं?

सुंठीवाचून:
हेच विचारायला आले होते. काढ्यात काय आहे? किती वेळा? बाबांना बीपी, शुगर, कुठल्या गोळ्या?

चहाबाज:
चिकन सूप!!! कोणीच कसं नाही बोललं? २००० साली नेब्रास्काच्या एका डॉक्टरने बायकोच्या आजीच्या पद्धतीचं सूप करून लॅबमध्ये नेलं आणि दाखवलं की त्याने पांढऱ्या पेशींची धावाधाव मंदावते, म्हणजे सूज कमी. आमच्याकडे शिंक आली की कुकर चढतो.

शुद्ध_शाकाहारी:
मग आम्ही काय खोकत बसायचं?

लॅबमधला_उंदीर:
नका बसू. त्याच प्रयोगात सूपमधल्या भाज्यांचाही सुटा सुटा परिणाम दिसला होता. आणि पुन्हा तेच, काचेतल्या पेशी. त्यापेक्षा मला १९७८ चा जुना प्रयोग आवडतो, माणसांच्या नाकातला शेंबूड किती वेगाने सरकतो ते मोजलं होतं (हसू नका, कोणीतरी मोजायलाच हवं). गरम पाण्याने मिनिटाला ६.२ मिलिमीटरवरून ८.४ झाला, चिकन सूपने ६.९ वरून ९.२. गार पाण्याने उलटा मंदावला, ७.३ वरून ४.५. आणि गरम पाण्याचा, सूपचा परिणाम अर्ध्या तासात जैसे थे. म्हणजे सूप बरं, पण गरम पाणीही काही फार मागे नाही.

आजीचा_बटवा:
म्हणजे गरम प्यायल्याने फरक पडतो. मी वेगळं काय म्हणत होते?

पाऊणशहाणा:
अर्धा तास पडतो ताई. आणि हळदीचं काय? मिरीने हळद वीसपट शोषली जाते ते १९९८ चं संशोधन तुम्ही ऐकलंय, पण त्यात माणसांना दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, दिलं होतं. स्वयंपाकाच्या हळदीत कर्क्युमिन असतं तीन टक्क्यांच्या आसपास. करा हिशोब, दोन ग्रॅमसाठी पासष्ट ग्रॅम हळद लागेल. घालता का दुधात पासष्ट ग्रॅम? तुमच्या पाव चमच्यातलं नगण्य, त्याचे वीसपट केले तरी नगण्यच.

तृप्ती_आई:
दूध तर मुळीच देऊ नका सर्दीत, कफ होतो. आणि मला पण विचारायचं होतं, माझं बाळ आठ महिन्यांचं आहे, नाक गळतंय, वरती लिहिलंय तसा मध चाटवू का थोडा? किंवा काढ्यात घालून?

लॅबमधला_उंदीर:
तृप्ती_आई, नाही, एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बोटावर घेऊन सुद्धा नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या पोटातून ते न रुजता निघून जातात पण बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. उकळून ते मरत नाहीत त्यामुळे काढ्यात घालूनही नाही. बाळाला दूध पाजत राहा, नाकात सलाइनचे थेंब, आणि धाप लागतेय किंवा दूध पीत नाहीये असं वाटलं तर थेट डॉक्टर.
आणि दुधाने कफ वाढतो हेही तपासून झालंय. ॲडलेडला १९९० मध्ये साठ जणांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडला आणि त्यांचे वापरलेले रुमाल रोज वजन केले. दूध पिणारे न पिणारे सारखेच. फक्त "दुधाने कफ होतो" असं मानणाऱ्यांना त्रास जास्त जाणवला, शेंबूड तेवढाच.

तृप्ती_आई:
बापरे. बरं झालं विचारलं. पण दुधाचं मला पटत नाही, माझ्या घशाशी चिकट होतं ते मला कळतं ना.

चहाबाज:
रुमालांचं वजन करायची नोकरी 😂 पगार किती असेल

घाईत_आहे:
अहो धागा माझा आहे. बाळ, रुमाल, मांसाहार सगळं झालं, मला अजून उत्तर नाही. काढा नेहमीचाच आहे, सगळ्यांच्या घरी असतो तो. बाबा ७१.

सुंठीवाचून:
आमच्या घरी नेहमीचा म्हणजे चहा. घरागणिक काढा वेगळा असतो म्हणून विचारतेय. आत्यांना फोन करा आणि डब्यातून काय काय काढतात ते एकेक लिहून घ्या. मापासकट. आणि गोळ्या?

पाऊणशहाणा:
एवढं खोदून काय मिळणार आहे, पाण्यात चार पानं उकळली काय आणि आठ उकळली काय. ना फायदा ना तोटा.

घाईत_आहे:
केला फोन, वीस मिनिटं गेली माझी. हे घ्या: आलं, तुळस, मिरी, दालचिनीचा तुकडा आणि ज्येष्ठमध. आलं मिरी बाबांना झोंबतं म्हणून ते आता नावालाच, ज्येष्ठमध वाढवलंय, मूठभर कांड्या ठेचून रात्री भिजवते आणि सकाळी निम्मं होईपर्यंत उकळते. दिवसाला चार कप, गोड लागतो म्हणून बाबा मागून पितात. बीपीची गोळी चालू आहे, नावात काहीतरी थायझाइड आहे, ती वेळेवर घेतात त्यामुळे तो विषय नाही. बीपी जरा वाढलंय पण ते खोकल्याने झोप नाही त्यामुळे. पावलांना थोडी सूज आहे, आत्या म्हणते बसून बसून. आता सांगा हो की नाही.

सुंठीवाचून:
ज्येष्ठमध आत्ताच्या आत्ता बंद करा. जेवणापर्यंत थांबू नका, परत फोन लावा.
मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असते, हे प्रकरण आधी एकदा बघितलंय म्हणून सारखी विचारत होते. ज्येष्ठमधाला जी गोडी असते ती ग्लिसिरायझिनची. आपल्या मूत्रपिंडात एक एन्झाइम असतं जे कॉर्टिसोल या हार्मोनला तिथे गडबड करू देत नाही, ग्लिसिरायझिन त्या एन्झाइमलाच गप्प करतं. मग कॉर्टिसोल मूत्रपिंडाला सांगत सुटतं मीठ धरून ठेव, पाणी धरून ठेव, पोटॅशियम टाकून दे. बीपी चढतं, पाय सुजतात. आणि बाबांची थायझाइडवाली गोळी लघवीवाटे पाणी काढते, तिच्यानेही पोटॅशियम जातं. म्हणजे दोन्हीकडून गळती. पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.
युरोपात दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिनची मर्यादा सांगतात. मूठभर म्हणजे २० ग्रॅम धरा, त्यातून दोन टक्के जरी काढ्यात उतरलं तरी ४०० मिलिग्रॅम. तेही रोज, बारा दिवस.
आजच डॉक्टरांना फोन करा, "ज्येष्ठमध" हा शब्द त्यांना आवर्जून सांगा कारण ते आपणहून विचारणार नाहीत. रक्तातलं पोटॅशियम तपासायला सांगतील. बीपीची गोळी मनाने बंद करू नका. अशक्तपणा, पायात गोळे येणं, छातीत धडधड, चक्कर यातलं काही असेल तर फोन वगैरे नको, सरळ घेऊन जा.

आजीचा_बटवा:
अहो ज्येष्ठमध घशाला किती चांगलं, गायकसुद्धा कांडी तोंडात ठेवतात. इतकं घाबरवू नका.

सुंठीवाचून:
कांडी चघळण्याबद्दल मी बोलतच नाहीये ताई. मूठभर आटवून चार कप, ७१ वर्षं, थायझाइड, याबद्दल बोलतेय.

पाऊणशहाणा:
बघा, मी पहिल्यापासून म्हणत होतो काढा नको.

सुंठीवाचून:
तुम्ही म्हणत होतात काही होत नाही. होतंय की.

लॅबमधला_उंदीर:
+१. मी मधावर आणि आल्यावर एवढं लिहीत बसलो आणि हे राहिलं. अमेरिकेच्या औषध खात्याचाही इशारा आहे, चाळिशीपुढच्या माणसाने ज्येष्ठमधाची काळी मिठाई रोज दोन औंस अशी दोन आठवडे खाल्ली तर ठोके बिघडून दवाखान्यात जावं लागू शकतं. आणि ती मिठाई आहे, काढा नाही.

शुद्ध_शाकाहारी:
मी वाफ घ्या म्हणून लिहायला आलो होतो, आता काही लिहायची भीती वाटते. भाज्यांच्या सूपचं मात्र कोणीतरी नीट सांगा.

घाईत_आहे:
निघालोय घरी.

घाईत_आहे:
दुसऱ्या दिवशी लिहितोय. बीपी १७०/१०० होतं, पोटॅशियम २.९. डॉक्टर म्हणाले साडेतीनच्या वर हवं. ईसीजी काढला, त्यात फार काही नाही. ज्येष्ठमध बंद, गोळी बदलली, पोटॅशियमचं सिरप दिलंय, चार दिवसांनी परत रक्त. बाबांच्या पिंढऱ्यांत रात्री गोळे येत होते म्हणे पाच दिवस, कोणाला बोललेच नाहीत, "वय झालं" म्हणून. आत्या सकाळपासून देवासमोर बसलीये, तिला मीच समजावतोय की तू प्रेमानेच केलंस. बायको एक शब्द बोलली नाही, उलट आत्याला चहा करून दिला. खोकला आहे तसाच आहे. झोपताना चमचाभर मध दिला तर चालेल ना, शुगर नाहीये त्यांना. आणि सिरपची चव भयंकर आहे, बाबा तोंड फिरवतात, पाण्यात घालून दिलं तर चालेल का? लवकर सांगा, दुपारचा डोस राहिलाय.

सुंठीवाचून:
मध चालेल. सिरप पाण्यात पातळ करूनच द्यायचं असतं, जेवणानंतर, नाहीतर पोटात जळजळते. किती पाण्यात ते बाटलीवर असेल, नसेल तर दुकानात विचारा. सूज, बीपी लगेच उतरलं नाही तर घाबरू नका, ज्येष्ठमधाचा असर जायला एखाद-दोन आठवडे लागू शकतात, तोवर बीपी लिहून ठेवा. आणि घरात ते अजून कशात आहे का बघा, खोकल्याच्या सिरपात आणि घशाच्या गोळ्यांत पण घालतात. पाकिटावर यष्टिमधु किंवा मुलेठी असं लिहिलेलं असतं.

घाईत_आहे:
च्यायला. आत्याच्या बटव्यात चघळायच्या गोळ्या आहेत, बाबा दर तासाला एक घेतात. पाकीट बघून येतो.