अनुभव धागा : एलईडीच्या उजेडातून डेटा पाठवताना तुमचा स्पीड कुठे अडकला?

फायनल इयरला आम्ही एलईडीच्या उजेडातून टेक्स्ट पाठवायचो. ९६०० बॉडला (म्हणजे सेकंदाला ९६०० बिट) सगळं छान, ११५२०० केलं की समोर नुसता कचरा. आठवडाभर कोडला शिव्या घातल्या आणि चूक निघाली रिसीव्हरात, सिग्नल मोठा दिसावा म्हणून फोटोडायोडच्या (उजेड पडला की करंट देणारा भाग) अँपला फीडबॅकमध्ये १ मेगाओमचा रेझिस्टर लावलेला, त्यात ब्रेडबोर्डची थोडी कपॅसिटन्स (चार्ज साठवून धरण्याची सवय) मिळाली की झालंच, सगळं सुस्त. १० किलोओम टाकला तर सिग्नल एवढुस्सा झाला पण कडा उभ्या आल्या, मग पुढे अजून एक स्टेज जोडली. तुमचंही लिहा, फजिती आधी!

सोल्डरबाबा : आम्ही एलडीआर (उजेडाने रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर) लावलेला. हसा. त्याला अंधार-उजेड कळेपर्यंत काही मिलिसेकंद जातात, स्पीड कुठला यायला!

निळीशाई : एम.टेक.ला पांढऱ्या एलईडीनेच रडवलं. आत चिप निळी असते, वरच्या फॉस्फरमुळे (चमकणाऱ्या पावडरीचा थर) पिवळा उजेड येतो नि दोन्ही मिळून पांढरा दिसतो, पण हा फॉस्फर विझायला वेळ घेतो त्यामुळे बँडविड्थ (किती भराभर लुकलुकवता येतं ती मर्यादा) २-३ मेगाहर्ट्झलाच बसते. उपाय पुस्तकातला, रिसीव्हरसमोर निळा फिल्टर, म्हणजे सुस्त पिवळा उजेड अडतो. बजेट नव्हतं म्हणून नाटकाच्या लाइटांना लावतात तो निळा जिलेटीन पेपर आणला 😀 आणि खरंच फरक पडला, ऑसिलोस्कोपवर दिसणारी सिग्नलची शेपटी आखडली. फक्त उजेडही बराच गेला, त्यामुळे टेबलावर झकास आणि दोन मीटरवर बोंब. शेवटी लांबच्यासाठी फिल्टर काढला, एलईडीच्या ड्रायव्हरलाच इक्वलायझर (मंद पडणाऱ्या वरच्या फ्रिक्वेन्सी उचलून धरणारं सर्किट) लावला.

हेडमास्तर : शाळेत मुलांना एलईडीच्या उजेडातून पाठवलेलं गाणं सोलर पॅनलने पकडून ऐकवलं. गाण्याखाली घूंऽऽ आवाज. वरची ट्यूब, ५० हर्ट्झच्या लाइनवर १०० वेळा लुकलुकते ना! ट्यूब घालवली, आवाज गेला. पण डेटा पाठवायला पॅनल नको, एवढ्या मोठ्या पत्र्याची कपॅसिटन्सही तेवढीच मोठी.

धागाकर्ता : @हेडमास्तर, आम्ही १०० हर्ट्झसाठी सिरीजमध्ये कपॅसिटर टाकला, तर लागोपाठ शून्यं आली की लेव्हल सरकायला लागली. मँचेस्टर कोडिंग (प्रत्येक बिटच्या मध्यात लेव्हल बदलायची) केल्यावर थांबलं. निम्मा स्पीड गेला तो गेलाच.

छतवाला : माझा एलईडी छताला आणि खाली पंखा. पातं आडवं आलं की पॅकेट गायब. पॅकेटं लहान केली, पोच आली नाही तर परत पाठव असं केलं. पंखा बंद ठेवा म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात आमच्या लॅबमध्ये येऊन दाखवावं.