मतदान नीट झालं, मोजणी नीट झाली हे सामान्य माणसाला स्वतः तपासता येईल का?

पायवाट:
दर निवडणुकीनंतर तेच. हरलेले म्हणतात मशीनमध्ये गडबड आहे, जिंकलेले म्हणतात रडणं बंद करा, आणि पुढच्या निवडणुकीत बाजू बदलल्या की डायलॉगही बदलतात. मला कुणाची बाजू घ्यायची नाहीये. मला एवढंच विचारायचंय की कुणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवता निकाल खरा आहे हे तपासता येईल अशी पद्धत कुठे आहे का? कुणी म्हणतं ऑनलाइन करा, कुणी ब्लॉकचेन (अनेक संगणकांवर ठेवलेली, मागाहून बदलता न येणारी नोंदवही) म्हणतं, कुणी सरळ मतपत्रिकेवर परत चला म्हणतं. लाखो रुपये मोबाईलवरून पाठवतो तर मत का नाही देता येत? ज्यांना यातलं कळतं त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

बिट_बाय_बिट:
बँकेचं उदाहरण सगळेच देतात पण तिथेच खरी गोम आहे. बँकेला माहीत असतं पैसे कुणी पाठवले, तुम्हाला स्टेटमेंट मिळतं, घोळ झाला तर तक्रार करून व्यवहार उलटवता येतो. मतदानात मत टाकल्या क्षणी ते कुणाचं होतं हा धागा तुटलाच पाहिजे, आणि तुम्ही कुणाला मत दिलंत याची पावतीही घरी नेता येता कामा नये, कारण ती पावती दाखवून मत विकता येतं किंवा कुणी दमदाटी करून ती मागू शकतं. म्हणजे गुप्तही हवं आणि तपासताही यायला हवं. सगळं अवघड आहे ते इथेच.

ब्लॉकचेनने एकदा नोंदलेलं मत बदलता येत नाही हे मान्य, पण तुमच्या फोनमधल्या व्हायरसने नोंदायच्या आधीच ते बदललं तर चुकीचं मत कायमचं पक्कं होणार, बस.

एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवर मतदान होतंय आणि २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन पडली. दबावावर त्यांनी काढलेला उपाय मला आवडतो. मत कितीही वेळा बदला, शेवटचं धरतात, आणि केंद्रावर जाऊन कागदावर दिलंत तर ऑनलाइनचं रद्द. पण सर्व्हरच्या आत मोजणी कशी झाली हे तज्ज्ञ सोडून कुणाला डोळ्यांनी बघता येत नाही, आणि तुमचा प्रश्न तर तोच आहे.

साक्षीदार:
मी पोलिंग एजंट, म्हणजे केंद्रावर उमेदवाराचा प्रतिनिधी, म्हणून बसलोय, म्हणून आतलं सांगतो. भारतात मतदानाच्या दीड तास आधी मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान असतं. एजंटांसमोर किमान ५० मतं टाकायची, कुणी किती टाकली ते लिहून ठेवायचं, मग कंट्रोल युनिटवर (मशीनचा मतं साठवणारा भाग) रिझल्ट काढून व्हीव्हीपॅटच्या (प्रत्येक मताची चिठ्ठी छापणारं यंत्र) चिठ्ठ्यांशी ताळा करायचा, ते सगळं क्लिअर करायचं, चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सील करायच्या आणि मग कंट्रोल युनिटला पेपर सील, त्यावर एजंटांच्या सह्या. हे सगळं पहाटे अंधारात चालतं, आणि मी बघितलंय की कितीतरी पक्षांचे एजंट चहा-नाश्ता उरकून सीलवर सही करायच्या वेळेलाच उगवतात. केंद्राध्यक्ष थोडा वेळ वाट बघतात आणि पुढे सुरू करतात, त्यांचं तरी काय चुकलं.

मतदान संपल्यावर १७-सी नमुना भरतात. त्यात मशीनचा नंबर, सीलचा नंबर, एकूण किती मतं नोंदली गेली, आणि त्याची प्रत प्रत्येक एजंटला द्यायचा नियम आहे. मोजणीच्या दिवशी कंट्रोल युनिट टेबलवर आलं की आधी सील आणि टोटल १७-सी शी जुळवायची, मगच रिझल्टचं बटण. ती प्रत हातात नसेल तर काउंटिंग एजंट नुसता बघत बसतो, त्याला काही पकडता येत नाही. टीव्हीवर मशीनबद्दल तावातावाने बोलणाऱ्या किती पक्षांनी आपल्या सगळ्या बूथच्या १७-सी गोळा करून ठेवल्यात ते विचारा एकदा.

पायवाट:
@साक्षीदार हे एवढं कुणीच सांगत नाही, आभार. पण एक शंका. १७-सी वर फक्त एकूण आकडा असतो ना? समजा ८०० मतं पडली आणि मशीन ८०० च दाखवतंय, पण आतल्या आत याची त्याला गेली असली तर?

नमुना_निवड:
बरोबर पकडलंत, आणि कागद लागतो तो याचसाठी. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २००९ मध्ये हाच मुद्दा धरला होता, की मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे नागरिकाला खास तांत्रिक ज्ञान नसतानाही तपासता आले पाहिजेत, आणि २००५ च्या निवडणुकीत वापरलेली यंत्रं त्या कसोटीत बसली नाहीत. घोटाळा झाल्याचा पुरावा नव्हता तरी हा निकाल आला हे मला फार मोलाचं वाटतं. नेदरलँड्समध्ये कार्यकर्त्यांनी त्याच कंपनीचं यंत्र उघडून त्यात बुद्धिबळाचा प्रोग्राम चालवून दाखवला आणि पुढे देश परत कागद-पेन्सिलवर आला.

भारतात व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेतून ७ सेकंद दिसते आणि खाली पेटीत पडते, म्हणजे कागद आहे. मशीन आणि चिठ्ठ्यांचा आकडा जुळला नाही तर चिठ्ठ्यांचा धरतात, हेही नियमात आहे. माझं भांडण किती चिठ्ठ्या मोजायच्या यावर आहे. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रामागे ५ केंद्रं मोजायला सांगितली, १०० टक्के मोजायची मागणी २०२४ मध्ये फेटाळली. ती केंद्रं सगळ्यांसमोर सोडत काढून निवडतात, तिथे तक्रार नाही. पण पन्नास हजारांनी जिंकलेल्या जागेला पण ५ आणि दोनशे मतांनी जिंकलेल्या जागेला पण ५, याला शास्त्रीय आधार काय?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून राज्यभर वेगळी पद्धत लावली. जिंकलेल्या-हरलेल्याच्या मतांतला फरक मोठा असेल तर थोडेच कागद हाताने तपासायचे, फरक कमी असेल तर जास्त, आणि तरीही खात्री पटेना तर तपासणी वाढवत वाढवत थेट पूर्ण हातमोजणीपर्यंत जायचं. कुठले कागद काढायचे ते ठरवायला लोकांसमोर दहा बाजूंचे फासे टाकून आकडा काढतात. शितावरून भाताची परीक्षा करायची तर कुठलं शीत उचलायचं हे स्वयंपाक्याने ठरवून चालत नाही ना. ही पद्धत आपल्याकडे आणायला मशीन बदलावी लागत नाहीत, चिठ्ठ्या आधीच पेटीत पडून आहेत.

जुनी_यादी:
सगळे मशीनवरच अडकलेत. कागदाच्या जमान्यात पेट्या पळवल्या जायच्या, बूथ ताब्यात घेऊन शिक्के मारले जायचे, ते विसरू नका. आणि सगळ्यात आधी मतदार यादी! यादीत नावच नसेल तर मशीन कितीही चांगलं असून काय उपयोग? बिहारमध्ये २०२५ ला प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं वगळली गेली आणि ती कारणांसकट जाहीर करा म्हणून सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. हे आपणहून व्हायला हवं होतं, प्रत्येक राज्यात, प्रत्येक वेळी, आणि लोकांना शोधता येईल अशा फाईलमध्ये, स्कॅन केलेल्या चित्रात नाही.

आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर गुपचूप घरी येऊ नका, प्रदत्त मत मागा. ओळख पटली की मतपत्रिका द्यावीच लागते, ती वेगळ्या पाकिटात राहते आणि त्याची नोंद होते.

पायवाट:
यादीचं पटलं, प्रदत्त मत हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. मग १७-सी मला, म्हणजे साध्या मतदाराला मिळू शकतो का?

साक्षीदार:
नाही, उमेदवारांच्या एजंटांनाच मिळतो. तो वेबसाईटवर टाकावा म्हणून २०२४ च्या लोकसभेच्या वेळी लोक सुप्रीम कोर्टात गेले होते, निवडणूक चालू असताना कोर्टाने आदेश दिला नाही, नंतर लगेच आयोगाने झालेल्या टप्प्यांचे मतदारसंघानुसार आकडे जाहीर केले. पण मतदारसंघाचा आकडा वेगळा आणि बूथचा सहीशिक्क्याचा कागद वेगळा. माझी मागणी साधी आहे, प्रत्येक बूथचा १७-सी मतदानानंतर लगेच स्कॅन करून टाका. प्रत आधीच दहा एजंटांच्या खिशात असते, मग मतदारापासून लपवण्यासारखं त्यात उरतं काय?