पडलं की पाडलं? मिसकॅरेजला मराठीत काय म्हणता?

रात्रपाळी_इंदूर
नमस्कार मंडळी. मी इंदूरला इमर्जन्सीत डॉक्टर आहे, घरात मराठी बाहेर हिंदी, त्यामुळे माझी मराठी आजीच्या स्वयंपाकघरातली, चुका पोटात घाला. अडचण अशी की आम्ही आठ-नऊ जणी, वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या, सगळ्या कॅज्युअल्टीतल्या, आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, रात्री दोनला ब्लीडिंग घेऊन कोणी आली आणि आपण एकट्याच असलो की तिथे विचारायचं, कोणी ना कोणी जागी असतेच. त्यातून ठरलं की बायकांशी बोलायचे शब्द एका कार्डावर लिहून ॲप्रनच्या खिशात ठेवायचे. हिंदी बाजू झाली. मराठी बाजू मिसकॅरेजपाशी अडकली.

का ते सांगते. मराठी घरातली मुलगी, अकरावा आठवडा, आपोआप गेलेलं. कागदावर लिहिलेलं 'इन्कम्प्लीट अबॉर्शन', आमच्या पुस्तकात आपोआप झालं तरी अबॉर्शनच म्हणतात. सासूबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हिनं पाडलं?" मी घाईत बोलून गेले, "नाही हो काकू, गर्भपात झालाय." झालं! त्यांच्या लेखी गर्भपात म्हणजे पाडलेलंच. मला वाटायचं गर्भपात 'होतो' म्हटलं की आपोआप आणि 'केला' म्हटलं की केलेला. कोण बरोबर?

सुदामानगरचे_काका
तूच बरोबर. पात म्हणजे पडणं, अश्रुपात, उल्कापात, हिमपात, यातलं काहीही कोणी पाडत नाही. पण खरं सांगायचं तर अकराव्या आठवड्याला गर्भपातही म्हणता येत नाही. सुश्रुताने चौथ्या महिन्यापर्यंत स्राव आणि पाचव्या-सहाव्यात पात अशी फोड केलीय, सुतकाच्या नियमांतही तेच, 'आचतुर्थाद्भवेत्स्रावः पातः पञ्चमषष्ठयोः'. तेव्हा कार्डावर 'गर्भस्राव' लिही. नेमका, शुद्ध, आणि संशयाला जागा नाही.

रात्रपाळी_इंदूर
काका श्लोक छान आहे, आणि हिशेबही जुळतो, बहुतेक मिसकॅरेज पहिल्या बारा आठवड्यांतच होतात म्हणजे तुमच्या भाषेत सगळे स्रावच. पण रात्री दोनला 'स्राव' म्हटलं की पेशंट सांगते, हो डॉक्टर, पांढरा जातो अधूनमधून.

कोथरूडवाली
'पोट पडलं' म्हणतात की सरळ. माझी आजी म्हणायची, "तिचं तिसऱ्यात पोट पडलं."

ग्वाल्हेरकर
हे जरा गावंढळ वाटतं. आमच्याकडे असलं गुरांबद्दल बोलायचे.

कोथरूडवाली
गुरांना 'गाभडणं' म्हणतात, पोट पडणं नाही. संस्कृत गर्भिणी ती बाई आणि तोच शब्द झिजून झालेली गाभण ती म्हैस, कोणी कुठला शब्द घ्यायचा हे आपणच वाटून दिलंय. झिजला की गोठ्यात, न झिजला की दिवाणखान्यात.

सुदामानगरचे_काका
यावरून आठवलं, गरोदर हा शब्द गुरु अधिक उदर, जड पोट.

ग्वाल्हेरकर
गर्भ अधिक उदर असणार काका. गुरुचा उकार कुठे गेला?

सुदामानगरचे_काका
उकार झिजतो. रेफापुढचा भ झिजलेला दाखवा मला एक तरी.

अनुवादक_नाना
मी कोर्टाच्या कागदांचे अनुवाद करतो, त्यामुळे मला उलटाच त्रास आहे. १८६० च्या दंडसंहितेत कलम ३१२ इंग्रजीत आहे 'कॉझिंग मिसकॅरेज'. म्हणजे आपण ज्याला आज आपोआपचं म्हणून मिसकॅरेज म्हणतो, तो शब्द कायद्यात मुद्दाम घडवून आणलेल्या गुन्ह्याला आहे, आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली त्यात कलम ८८ झालं तरी शब्द तोच. आणि १९७१ च्या कायद्यात, ज्यात डॉक्टरला गर्भ काढायची परवानगी आहे, तिथे अबॉर्शन नाही मिसकॅरेज नाही, तिथे 'टर्मिनेशन'. मराठीत गर्भसमापन. तर डॉक्टरच्या पुस्तकात एक अर्थ, कायद्यात दुसरा, सासूच्या डोक्यात तिसरा.

रात्रपाळी_इंदूर
नाना, गर्भसमापन ऐकून एका पेशंटच्या नवऱ्याने विचारलं होतं, समापन म्हणजे समारोप का, कार्यक्रम असतो का काही. आमच्याकडे सगळे एमटीपीच (मेडिकल टर्मिनेशन ऑफ प्रेग्नन्सी) म्हणतात, किंवा हिंदीत 'सफाई'. तो सफाई शब्द मला अजिबात आवडत नाही, जसं काही घाण होती. मराठीतही 'पिशवी साफ केली'च म्हणतात पण.

इंग्रजांनाही हे कळायला वेळ लागला बरं का, १९८५ साली तिथल्या डॉक्टरांनी लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात पत्र लिहिलं की आपोआप गेलं त्याला अबॉर्शन म्हणू नका, बायकांच्या मनाला लागतं. आम्ही अजून लिहितोय.

ग्वाल्हेरकर
मग आपणही नवा शब्द घडवू या ना. र. धों. कर्व्यांच्या वेळी संततिनियमन म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, पुढे तो शब्द रुळला.

कोथरूडवाली
रुळला तो कुटुंबनियोजन! लाल त्रिकोणाखाली कधी संततिनियमन वाचलंय का?

सिस्टर_माई
मी ३४ वर्षं लेबर रूममधे काढली, इंदूरलाच. शब्द घडवत बसू नका. पोरी, तू 'पडलं'ही म्हणू नकोस आणि 'पाडलं'ही नको. एका कान्याचा फरक आहे, आणि ऐकणारा घाबरलेला असतो, त्याला कान्यासकटच ऐकू येतं. आम्ही म्हणायचो, "गर्भ टिकला नाही." त्यात कोणी काही केलेलं नाही, बस.

बरं तुमच्या कार्डावर 'अंगावरून जातंय' आहे का? एकदा एका हिंदी इंटर्नला पेशंटच्या आईने सांगितलं, हिच्या अंगावरून जातंय. त्याला वाटलं गाडी गेली. धावत स्ट्रेचर आणि मानेचा पट्टा घेऊन आला. मुलगी आपली बाकावर बसलेली.

रात्रपाळी_इंदूर
माई 😂 टाकते. 'दिवस गेलेत' पण टाकलंय, कारण आमच्या एकीने त्याचं हिंदी केलं 'दिन निकल गए' आणि सीनियरला वाटलं ड्यू डेट उलटलीय.

'टिकला नाही' फार आवडलं. फक्त एक शंका, सासूबाई नंतर 'हिला टिकत नाही' म्हणणार नाहीत ना?

कोथरूडवाली
म्हणणारच. मला म्हणाल्यात. दोनदा.

सिस्टर_माई
बाई गं.

अनुवादक_नाना
शब्द कुठलाही घेतलात तरी एक ओळ कार्डावर हवीच. बाई सज्ञान असेल तर गर्भसमापनाला कायद्याने तिची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. सगळीकडे मागतात ती सवयीने. त्याच १९७१ च्या कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, पुढे २४ पर्यंत ठरावीक बायकांसाठी दोघांचं, आणि तिचा जीवच वाचवायचा असेल तर ताबडतोब करायला आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. २०२२ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने २४ पर्यंतच्या बाबतीत अविवाहितांनाही यात धरलंय.

रात्रपाळी_इंदूर
हे माहितीये नाना, पण पेशंटला सांगू कसं? 'तुमची संमती पुरेशी आहे' म्हटलं की ती मागे वळून नवऱ्याकडेच बघते. शेवटी मी म्हणते "सही तुमचीच चालते, यांची लागत नाही." 'चालते' म्हटलं की पेन हातात घेते.

ग्वाल्हेरकर
'सही चालते' हे हिंदीवरून. मराठीत सही पुरते.

कोथरूडवाली
पुण्यात तरी वीस वर्षं चालतेय.

रात्रपाळी_इंदूर
त्या रात्रीचं पुढचं राहिलं. सासूबाई ऐकेनात, मुलगी रडतेय, बीपी पडतंय, मी एकीकडे सलाईन वाढवतेय. ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. आमच्यातल्या एक मॅडम, दुसऱ्या दवाखान्यातल्या, ड्यूटी संपवून घरी चालल्या होत्या, स्कूटी वळवून आल्या. त्यांना मराठी येत नाही. सासूबाईंच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "अम्मा, मेरे भी दो ऐसे ही गए हैं." बाई एकदम गप्प झाल्या, आणि मग पदरातून पाण्याची बाटली काढून सुनेला दिली. म्हणजे शब्द लागलाच नाही. पण दर वेळी मॅडम कुठून आणू?

सिस्टर_माई
अशी पाठराखीण मिळाली हे नशीब समज.

सुदामानगरचे_काका
पाठराखीण हा इथे चुकीचा प्रयोग. पाठराखीण नवरीबरोबर सासरी जाते ती. इथे 'पाठीराखी' हवं.

सिस्टर_माई
काका, नव्या ठिकाणी भांबावलेल्या पोरीबरोबर कोणीतरी जुनी बाई जाते ना, मग कॅज्युअल्टीतली पहिली नाईट काय माहेर असते?

ग्वाल्हेरकर
पण पाठराखीण बहुतेक लहान मुलगी असायची, करवलीसारखी. जुनी बाई कुठून आली?

सुदामानगरचे_काका
आमच्याकडे आत्या गेली होती, १९६२ साली, उज्जैनला, मीटरगेजने.

कोथरूडवाली
आमच्याकडे धाकटी बहीण. आणि करवली वेगळी, ती करा घेते, म्हणून करवली.

ग्वाल्हेरकर
करवली कऱ्यावरूनच हे कशावरून?

रात्रपाळी_इंदूर
मंडळी, कार्ड शनिवारी लॅमिनेशनला जातंय, 'टिकला नाही' की 'पोट पडलं'?

सुदामानगरचे_काका
गर्भस्राव. करवलीबद्दल सवडीने लिहितो, जुना कोश माळ्यावर आहे.